यंत्रविचार : वेगाच्या पोटातील पाणी

मोटारीची कीर्ती तिच्या वेगावरून होते. तिचे आयुष्य मात्र ती उष्णतेचा निचरा किती चोखपणे करते, यावर अवलंबून असते. इंजिनात जळणाऱ्या इंधनातून जी ऊर्जा बाहेर पडते, तिचा ढोबळमानाने एक-तृतीयांश भागच चाके फिरविण्याच्या कामी येतो. साधारण तेवढाच भाग तप्त वायूंबरोबर सायलेन्सरवाटे निघून जातो आणि उरलेली उष्णता इंजिनाच्या धातूत मुरते. ती तेथून वेळीच काढून नेली नाही, तर ॲल्युमिनियमचे भाग वाकू लागतात, तेलाचा संरक्षक थर तुटतो आणि लाखो रुपयांचे यंत्र भंगाराच्या मोलाचे होऊन बसते. घरातील छोट्या गाडीलाही हा नियम लागू आहे. परंतु ज्या गाडीचे इंजिन चारशे अश्वशक्तीचे आहे, तिच्या पोटातील आगही त्याच पटीने मोठी असते. म्हणूनच स्पोर्ट्‌स कारमध्ये कूलंटची गळती हे किरकोळ दुखणे राहत नाही. ते यंत्राच्या, आणि प्रसंगी चालविणाऱ्याच्याही, जिवावर बेतू शकते.

हा विषय समजून घेण्यासाठी जर्मनीतील पोर्शे ९११ या गाडीइतके उद्बोधक उदाहरण दुसरे सापडणार नाही. स्टुटगार्ट शहराच्या झुफेनहाउझेन या भागात तयार होणारी ही गाडी तीन दशकांहून अधिक काळ पाण्यावाचून धावली आणि नंतर तिने पाणी स्वीकारले. पाण्याने तिला काय दिले आणि कोणती नवी काळजी तिच्या मागे लावली, हे दोन्ही त्या इतिहासात स्पष्ट दिसते.

हवेकडून पाण्याकडे

१९६३ च्या फ्रँकफर्ट येथील मोटार प्रदर्शनात ही गाडी ९०१ या नावाने प्रथम लोकांसमोर आली. मधे शून्य असलेल्या तीन अंकी नावांवर फ्रान्सच्या प्युजो कंपनीने हक्क सांगितला, म्हणून तिचे नाव ९११ झाले. इंजिन मागच्या बाजूला, सहा सिलिंडर आडवे, समोरासमोर तीन-तीन. आणि त्यांच्यावर वारा घालणारा एक मोठा पंखा. रेडिएटर नाही, पाण्याच्या नळ्या नाहीत, त्यामुळे पाणी गळण्याचा प्रश्नही नाही. उरलेली उष्णता इंजिनातील तेल वाहून नेत असे. जे अंगी नाहीच ते बिघडणार कसे, हा या रचनेचा सरळ हिशेब होता.

पण हवेची कुवत मर्यादित असते. एक लिटर पाणी एक अंशाने तापताना जेवढी उष्णता सामावून घेते, तेवढी उष्णता घेण्यासाठी सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागते. इंजिनाची ताकद वाढवायची, तर प्रत्येक सिलिंडरला दोनऐवजी चार व्हॉल्व्ह द्यावे लागतात. आणि चार व्हॉल्व्हच्या मधल्या चिंचोळ्या जागेतील उष्णता बाहेरून घातलेल्या वाऱ्याने निघत नाही. तेथपर्यंत वाहता द्रव पोहोचावा लागतो. शर्यतीच्या गाड्यांनी हे आधी ओळखले. १९७८ च्या ९३५/७८ या गाडीत सिलिंडर हवेने आणि त्यांवरील हेड पाण्याने थंड करण्याची तडजोड केली गेली. पुढे ९५९ या रस्त्यावरील गाडीतही तीच रीत आली. आवाज आणि धूर यांविषयीचे कायदे कडक होत गेले, तशी हवेची बाजू आणखी लंगडी पडली. अखेर १९९६ मध्ये बॉक्स्टर आणि १९९७ मध्ये ९९६ या अंतर्गत क्रमांकाची नवी ९११ संपूर्ण पाण्याने थंड होणारे इंजिन घेऊन आली. १९९८ मध्ये हवेने थंड होणाऱ्या ९११ चे उत्पादन थांबले. जुन्या भक्तांना तो दिवस आपले घराणे बुडाल्यासारखा वाटला; शास्त्र मात्र नव्या इंजिनाच्या बाजूने होते.

पाण्याचा फेरा

या रचनेत पाण्याचा प्रवास लांबचा असतो. इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे, दोन्ही चाकांच्या समोर. मागून तापलेला द्रव गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या नळ्यांतून पुढे येतो, तेथे वाऱ्याला उष्णता देतो आणि परत मागे जातो. हा फेरा इंजिनावर चालणारा वॉटर पंप फिरवीत ठेवतो, आणि द्रव पुरेसा तापेपर्यंत त्याला इंजिनातच अडवून धरण्याचे काम थर्मोस्टॅट करतो. सामान्य छोट्या मोटारीत चार-पाच लिटर कूलंट पुरते. या गाडीला वीस लिटरांहून अधिक लागते. जितकी नळी लांब, तितके सांधे अधिक; आणि जितके सांधे अधिक, तितक्या गळतीच्या जागा अधिक.

कूलंट म्हणजे नुसते पाणी नव्हे. पाण्यात साधारण निम्म्या प्रमाणात इथिलीन ग्लायकॉल मिसळलेले असते. त्यामुळे ते मिश्रण शून्याखाली तीस-पस्तीस अंशांपर्यंत गोठत नाही आणि उकळण्यालाही अधिक तापमान लागते. त्याशिवाय धातूला गंज चढू नये म्हणून काही रसायने त्यात असतात. हे सारे एका बंद व्यवस्थेत दाबाखाली ठेवलेले असते. वातावरणाच्या दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळते. त्यावर आणखी एका वातावरणाएवढा दाब दिला, की तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत द्रवरूपातच राहते. इंजिनाची सारी सुरक्षितता या दाबावर उभी आहे, आणि तो दाब राखण्याचे काम एक साधे झाकण करीत असते. गळतीचा पहिला परिणाम पाणी कमी होणे हा नसतो. दाब जाणे हा असतो. दाब गेला की अजून पुरेसे असलेले पाणीही उकळू लागते, वाफेचे बुडबुडे धातूला चिकटतात आणि त्या जागी उष्णता वाहून नेणारे कोणी उरत नाही. दोन-चार थेंबांची गळती इतकी महाग का पडते, याचे उत्तर येथे आहे.

डिंकाने जोडलेले सांधे

नव्या ९११ च्या साध्या आवृत्तीत एका घराण्याचे इंजिन होते, तर टर्बो, जीटी२ आणि जीटी३ या अधिक ताकदीच्या आवृत्त्यांत दुसऱ्या घराण्याचे. हे दुसरे इंजिन हान्स मेट्झगर या अभियंत्याच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या मूळ पेटीचे कूळ थेट हवेने थंड होणाऱ्या जुन्या इंजिनापर्यंत जाते. याच घराण्यातील इंजिनाने १९९८ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ९११ जीटी१ या गाडीला पहिला आणि दुसरा, असे दोन्ही क्रमांक मिळवून दिले. मजबुतीसाठी या इंजिनाची ख्याती आजही अबाधित आहे.

परंतु एवढ्या भक्कम इंजिनात एक दुबळी जागा राहून गेली. पाणी आत-बाहेर नेणारी काही ॲल्युमिनियमची नळकांडी त्यांच्या बैठकीत वितळवून किंवा आटे पाडून बसवलेली नव्हती. ती इपॉक्सी जातीच्या चिकट द्रव्याने डकवलेली होती. कारखान्यातून बाहेर पडताना हा सांधा घट्ट असे. पण गाडी सुरू झाली की धातू तापून प्रसरण पावतो, बंद केली की निवून आकसतो. असे हजारो फेरे झाल्यावर दहा-पंधरा वर्षांत डिंक म्हातारा होतो. काही गाड्यांत आधी थोडा ओलावा दिसतो आणि मालकाला सावध होण्याची संधी मिळते. काही गाड्यांत मात्र पूर्वसूचना न देता नळकांडे बैठकीतून निसटते आणि दाबाखालचे उष्ण कूलंट एका क्षणात बाहेर पडते.

येथे प्रश्न इंजिनापुरता उरत नाही. इंजिन मागे असल्यामुळे हा द्रव मागच्या चाकांच्या आसपास सांडतो, आणि ग्लायकॉल मुळातच निसरडे असते. गाडीला पुढे ढकलणारे बळ ज्या चाकांवर, त्यांच्याच खाली निसरडा थर आला, की वळणावर गाडीचा मागचा भाग हातातून सुटू शकतो. शर्यतीच्या मैदानांवर तर एका गाडीने सांडलेले कूलंट मागून येणाऱ्या दहा गाड्यांना संकटात टाकते. म्हणूनच अनेक मैदानांच्या नियमांनुसार तेथे ग्लायकॉल वापरण्यास मनाई असते. साधे पाणी आणि गंजरोधक द्रव्य एवढेच चालते.

यावरचा उपाय ठाऊक आहे, पण सोपा नाही. इंजिन खाली उतरवावे लागते. जुनी नळकांडी काढून, डिंकाचा अवशेष घासून, ती वितळजोडाने पक्की करतात. किंवा नव्या डिंकाबरोबर आडवा स्क्रू घालून ती निसटणार नाहीत अशी तजवीज करतात. किंवा आटे पाडलेली नवी नळकांडी बसवितात. शर्यतीत गाडी उतरविणाऱ्यांनी हा शहाणपणा लवकर आत्मसात केला. रोजच्या रस्त्यावरील मालकापुढे मात्र पेच असतो. गाडी आज ठणठणीत आहे, कोठेही थेंब नाही. आणि तरीही इंजिन उतरवून एवढा खर्च करायचा का? ज्याला ही गाडी केवळ गॅरेजमध्ये झाकून ठेवायची आहे, त्याचा निर्णय वेगळा असू शकतो. ज्याला ती वेगात पळवायची आहे, किंवा जो आपल्या माणसांना तिच्यात बसवतो, त्याने क्लच किंवा अन्य मोठ्या कामासाठी इंजिन उतरेल तेव्हाच हे काम उरकून घेणे शहाणपणाचे. एकदा इंजिन खाली आले की नळ्या, क्लिपा आणि वॉटर पंप यांचीही तपासणी त्याच श्रमात होते.

नेहमीच्या गळतीच्या जागा

डिंकाचा सांधा ही विशिष्ट इंजिनांची व्यथा. बहुतेक गाड्यांत गळती अधिक साध्या ठिकाणी होते. कूलंटची प्लॅस्टिकची टाकी उष्णतेने वर्षानुवर्षे भाजून ठिसूळ होते आणि तिला तळाशी केसाएवढी चीर जाते. बॉक्स्टरमध्ये या टाकीचे तोंड मागच्या डिकीत असल्यामुळे गालिचा ओला लागणे हीच पुष्कळदा पहिली खूण ठरते. झाकणातील रबर सैल पडले, तर दाब टिकत नाही आणि कूलंट वाफेच्या रूपाने उडून जाते; गळती शोधूनही सापडत नाही. या घराण्याच्या गाड्यांत कंपनीने झाकण अनेकदा सुधारले. सुधारित झाकणाच्या क्रमांकाच्या शेवटी ०४ हे अंक असतात, आणि जुने झाकण बदलणे हा साऱ्या दुरुस्त्यांतील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पुढच्या रेडिएटरांची कथा निराळी. गाडीच्या तोंडाशी असलेल्या मोकळ्या जाळीतून वाळलेली पाने, कागदाचे कपटे, रस्त्यावरची धूळ आत शिरते आणि वातानुकूलनाचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामधल्या फटीत साचून राहते. पावसाळ्यात हा कचरा भिजतो, महिनोन्‌महिने ओला राहतो आणि ॲल्युमिनियमला आतून खातो. वर्षातून एकदा पुढचा बंपर उतरवून हा कचरा हलक्या हाताने काढला, तर रेडिएटरचे आयुष्य कितीतरी वाढते. वॉटर पंपाचे बेअरिंग झिजले की त्याच्या खालच्या बारीक छिद्रातून थेंब पडू लागतात. तो थेंब हा पंपाने दिलेला इशारा असतो. त्याकडे दुर्लक्ष केले, तर पुढे पंपाच्या आतील पंख्याची पाती तुटून तिचे तुकडे पाण्याच्या वाटेत जाऊन अडकतात.

गळती डोळ्यांना दिसण्याआधी ती इतर मार्गांनी कळते. गाडीजवळ उभे राहिल्यावर गोडसर वास येणे. सांध्याभोवती पांढरी किंवा गुलाबी खपली धरणे. हीटर लावल्यावर काचेवर आतून तेलकट धुके जमणे. दर महिन्याला थोडेथोडे कूलंट घालावे लागणे. यांतील शेवटची खूण सर्वांत बोलकी आहे. बंद व्यवस्थेतील द्रव आपोआप संपत नसतो. तो कमी झाला तर कोठेतरी गेलेला असतो. बाहेर गेलेला आढळला नाही, तर तो इंजिनाच्या आत जातो आहे का, हे पाहावे लागते. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय, किंवा इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर, ही त्याची लक्षणे. थंडीच्या दिवसांत थोडीशी साय नुसत्या दवामुळेही जमते, म्हणून एकाच खुणेवर निदान करू नये.

वाटेत गळती झाली तर

काटा वर चढू लागला, किंवा कूलंटचा दिवा लागला, तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ, हा मोह सर्वांत घातक. वातानुकूलन बंद करावे, हीटर पूर्ण उघडावा, म्हणजे इंजिनातील काही उष्णता आतल्या बाजूला निघते. वेग कमी करावा आणि जी पहिली सुरक्षित जागा मिळेल तेथे गाडी थांबवून इंजिन बंद करावे. येथे एक फसवी गोष्ट ध्यानात ठेवावी. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरे सांगतो. पाणी निघून गेले आणि तो कोरडा पडला, की काटा खाली येऊ शकतो. हीटरमधून एकाएकी थंड हवा येऊ लागली आणि काटा उतरला, तर इंजिन थंड झाले असे समजू नये. त्याच्यापाशी पाणीच उरले नाही, असे समजावे.

गाडी थांबल्यावर टाकीचे झाकण लगेच उघडू नये, हे कितीही वेळा सांगितले तरी थोडेच. आतला द्रव १०० अंशांच्या वर असूनही केवळ दाबामुळे शांत असतो. झाकण फिरताच दाब सुटतो, त्याची क्षणात वाफ होते आणि ती चेहऱ्यावर, हातांवर उसळते. अशा भाजण्याने माणसे कायमची जायबंदी झालेली आहेत. तास-दीड तास वाट पाहावी, वरची नळी हाताला थंड लागली की जाड फडके धरून झाकण अगदी हळूहळू सैल करावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतणेही तितकेच वाईट; त्याने धातूला तडा जाऊ शकतो.

घाटात बॉनेट उघडून उभी असलेली गाडी आणि हातात पाण्याची बाटली घेतलेला चालक, हे दृश्य महाराष्ट्रात कोणाला नवे नाही. अडचणीच्या वेळी मुक्कामापर्यंत पोहोचण्यासाठी साधे पाणी घालणे समजण्यासारखे आहे. पण ते तात्पुरतेच. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात आणि गंजरोधक द्रव्याची ताकदही पातळ पाण्याने कमी होते. नंतर संपूर्ण द्रव काढून, क्षारविरहित पाण्यात योग्य जातीचे कूलंट मिसळूनच भरावे. द्रव झपाट्याने जात असेल, तर पाणी घालीत पुढे जाण्याचा हट्ट करू नये. गाडी उचलून न्यायची, तर ती सपाट फलाटाच्या ट्रकवरून न्यावी. जमिनीलगत असलेल्या या गाड्या दोन चाकांवर उचलून ओढल्या, तर एक दुखणे बरे करताना दुसरे मागे लागते.

कार्यशाळेतील शोध

चांगला कारागीर गळतीचा अंदाज करीत बसत नाही. तो दाब देऊन पाहतो. इंजिन थंड असताना टाकीच्या तोंडाला हातपंप लावून व्यवस्थेत दाब भरला जातो आणि त्याच्या तबकडीकडे लक्ष ठेवले जाते. काटा स्थिर राहिला तर सांधे शाबूत. उतरू लागला तर द्रव कोठून येतो ते शोधायचे. सहज न दिसणाऱ्या जागांसाठी कूलंटमध्ये विशेष रंग मिसळतात. तो अतिनील दिव्याखाली चमकतो आणि थेंबाचा सारा मार्ग उघड करतो. हेड गॅस्केटविषयी शंका असेल, तर टाकीतील हवा एका निळ्या द्रवातून ओढून घेतात. इंजिनातील जळका वायू पाण्यात शिरत असेल, तर तो निळा रंग पिवळा पडतो. या परीक्षा न करता थेट सुटे भाग बदलत सुटणारे गॅरेज स्वस्त वाटले, तरी शेवटी महाग पडते.

बाजारात गळती आतून बुजविणाऱ्या बाटल्या मिळतात. छिद्र कोठे आहे हे त्या द्रव्याला कळत नाही. जेथे वाट चिंचोळी, तेथे ते साचते. रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्या या साऱ्या चिंचोळ्या वाटाच असतात. निर्जन रस्त्यावरून गाडी घरी आणण्यापलीकडे या बाटल्यांवर भिस्त ठेवू नये. कूलंटचा रंगही फसवतो. हिरवे, गुलाबी, निळे, नारिंगी हे रंग कोणत्याही एका प्रमाणानुसार दिलेले नाहीत. दोन भिन्न जातींची रसायने एकत्र आली, तर त्यांचा चिकट गाळ होऊ शकतो. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेली जात पाहूनच खरेदी करावी.

दुरुस्तीनंतरचे भरणे हेही कौशल्याचे काम आहे. वीस लिटरांहून अधिक द्रव आणि पुढून मागे जाणाऱ्या लांब नळ्या असल्यामुळे आत हवेचे बुडबुडे अडकतात. जेथे हवा, तेथे पाणी नाही. आणि जेथे पाणी नाही, तेथे धातू तापतो. जाणकार कार्यशाळा आधी व्यवस्थेतील हवा शोषून घेतात आणि मग त्या निर्वातात कूलंट ओढले जाऊ देतात. हे न केल्यास दुरुस्त झालेली गाडी दुसऱ्याच दिवशी पुन्हा तापते आणि दोष निष्कारण नव्या भागाला दिला जातो.

जुनी स्पोर्ट्‌स कार विकत घेऊ पाहणाऱ्याने या साऱ्यातून चार प्रश्न तयार ठेवावेत. टाकी आणि झाकण कधी बदलले? वॉटर पंप किती जुना आहे? रेडिएटर कधी उघडून साफ केले? आणि मेट्झगर घराण्याचे इंजिन असेल, तर नळकांडी पक्की केल्याचे बिल आहे का? तकतकीत रंगापेक्षा या चार उत्तरांना अधिक किंमत द्यावी. गाडी थंड असताना पाहावी, चालवून तापवावी, आणि तासाभराने तिच्याखाली कोरडा पुठ्ठा सरकवून ठेवावा. तोंडाने सांगितलेले खोटे असू शकते. पुठ्ठ्यावरचा डाग खोटे बोलत नाही.

सांडलेला थेंब

गळतीचा एक बळी असा आहे, की ज्याचा गाडीशी काही संबंध नसतो. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते. गॅरेजच्या फरशीवर किंवा इमारतीच्या वाहनतळावर साचलेले हे गोड डबके कुत्री-मांजरे चाटतात. त्यांच्या शरीरात त्याचे विघटन होऊन विषारी आम्ले तयार होतात आणि मूत्रपिंडात ऑक्झलेटचे स्फटिक साचतात. एखाद्या मांजराचा जीव घ्यायला न मिसळलेल्या ग्लायकॉलचा एक छोटा चमचाही पुरतो. सुरुवातीला जनावर केवळ झिंगल्यासारखे वागते, नंतर काही काळ बरेही वाटते. आणि लक्षात येईपर्यंत पुष्कळदा वेळ निघून गेलेली असते. लवकर नेले तर पशुवैद्याकडे यावर उतारा आहे, म्हणून शंका येताच थांबू नये. लहान मुलांनाही हाच धोका आहे. काही देशांत या द्रवात मुद्दाम अतिशय कडू पदार्थ मिसळतात, तो याचसाठी.

म्हणून सांडलेले कूलंट नुसते पाणी मारून गटारात ढकलू नये. त्यावर कोरडी वाळू किंवा लाकडाचा भुसा पसरावा, तो शोषला गेला की गोळा करून बंद पिशवीत भरावा आणि मगच जागा साबणाच्या पाण्याने धुवावी. काढलेले जुने कूलंट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून वापरलेली रसायने स्वीकारणाऱ्या कार्यशाळेकडे द्यावे. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ते कधीही भरून ठेवू नये. घरातील मुलाला त्या बाटलीची जुनीच ओळख असते. गाडीला गळती आहे हे कळल्यापासून ती दुरुस्त होईपर्यंत इंजिनाखाली एक पसरट परात ठेवावी, आणि ती रोज रिकामी करून झाकून ठेवावी.

मोटारीच्या मालकाला गळती प्रथम खर्च म्हणून दिसते. नंतर ती धोका म्हणून दिसते. इमारतीच्या आवारात आडोशाला झोपलेल्या मांजराच्या दृष्टीने ती याहून वेगळीच गोष्ट असते, आणि तिची बाजू मांडणारे तेथे कोणी नसते. सकाळी गाडी हलविण्यापूर्वी तिच्याखाली वाकून एकदा पाहिले, तर अर्धे मिनिटही लागत नाही. तेवढ्यात इंजिनाचीही चौकशी होते, आणि चाकाआड कोणी विसाव्याला बसले आहे का, हेही कळते.